गणेशोत्सव मंडळांना खुलं पत्र : रविवारची संध्याकाळ आणि दहा स्केटबोर्ड

प्रति,
अध्यक्ष, पदाधिकारी आणि कार्यकर्ते,
सार्वजनिक गणेशोत्सव व शिवजयंती उत्सव मंडळे,
बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, तसेच खानापूर आणि निपाणी परिसर

सप्रेम जय शिवराय.

विसर्जन झालं, आता हिशेबाच्या बैठका सुरू होतील. त्या बैठकीत ठेवण्यासाठी हे पत्र आहे. लांबलचक पत्राचं पहिलं पान वाचून होतं न होतं तोच चहा येतो, हे मी खजिनदार असताना पुष्कळदा पाहिलंय, म्हणून मागणी आधी सांगून टाकतो. दिवाळी आटोपली की दर रविवारी संध्याकाळी तीन तास तुमच्या मांडवाची जागा स्केटबोर्डसाठी मोकळी ठेवा. मंडळाच्या पैशातून दहा बोर्ड आणि दहा हेल्मेटं घ्या. फी नको, गणवेश नको. आणि ज्या पोरापोरींना एरवी कुठल्याच कार्यक्रमाचं आमंत्रण जात नाही, त्यांनाच बोलवा.

ही पोरं कोण, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. टाळेबंदीनंतर वडगाव-खासबागेतल्या विणकरांच्या घरांवर काय वेळ आली ते आपण सगळ्यांनी बघितलं. माग थांबला की थोरला पोरगा शाळा सोडून कुठंतरी चिकटतो. लग्नसराईत केटररकडं ताटं उचलायची, एरवी गॅरेजात हाताखाली. खानापूर तालुक्यातली पोरं गोव्याच्या हॉटेलांत जातात. पावसाळ्यात काम कमी झालं की ती परत येतात, आणि गावातल्या जुन्या मित्रांत त्यांचं जमत नाही. निपाणीकडं आई दिवसभर तंबाखूच्या धुळीत किंवा विड्या वळत बसलेली, आणि धाकट्यांना सांभाळायला घरी ठेवलेली मुलगी तेरा वर्षांची. मराठी शाळेतून बाहेर पडल्यावर पुढच्या कन्नडच्या धास्तीनं घरीच बसलेल्या मुलीही मला माहीत आहेत. यातल्या काहींना गांजा कुठं मिळतो ते ठाऊक आहे. काहींच्या मोबाइलमध्ये क्रिकेटच्या सट्ट्याचं अ‍ॅप आहे आणि त्यापायी झालेली उधारी घरी माहीत नाही. बऱ्याच जणांचं यातलं काहीच नाही. फक्त संध्याकाळी सहानंतर जायला जागा नाही.

मोठ्या माणसांचा या पोरांशी संबंध येतो तो कामावर शिव्या द्यायला, नाहीतर चौकात हटकायला. आणि आपण मंडळवाले? मिरवणुकीत मूर्तीची ट्रॉली ढकलायला हीच पोरं लागतात. रात्रभर पावसात भिजून ती ढकलतात. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या वर्षापर्यंत ओळख नाही. राग मानू नका, मीही तुमच्यातलाच.

आता स्केटबोर्डच का, हा तुमचा पहिला प्रश्न असणार. बेळगावला स्केटिंग नवं नाही. उभ्या गाड्यांच्या खालून लिम्बो स्केटिंग करत सुटणारी इथली पोरं गिनेस बुकापर्यंत पोचली. आजही भल्या सकाळी रिंकवर चिमुकल्यांची रांग असते. त्या क्लासांबद्दल माझी तक्रार नाही, उलट अभिमानच आहे. पण तिथं पोचायला घरात सकाळी गाडीवरून सोडणारं कुणीतरी लागतं. पायाच्या मापाचे स्केट लागतात आणि पोरगं वाढलं की ते बदलावे लागतात. स्केटबोर्ड म्हणजे चार चाकांची फळी, तिला पायाचं माप नसतं. आठ वर्षांची पोरगी आणि अठरा वर्षांचा हमाल एकाच फळीवर उभे राहतात. दहा बोर्डांत तीस-चाळीस जणांचं कसंबसं भागतं, आणि पूर्ण भागत नाही हेच बरं आहे. आपल्या नंबराची वाट बघत पोरं कट्ट्यावर बसतात आणि बसली की बोलतात. समोरासमोर खुर्ची टाकून “तुला काय त्रास आहे?” विचारलं तर सोळा वर्षांचा पोरगा “काही नाही” म्हणून उठतो. शेजारी बसून दोघं तिसऱ्याचं पडणं बघत असले की तोच पोरगा आपणहून बोलायला लागतो.

एकाचं सांगतो, नाव सांगत नाही. माझं उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. भाचा बेंगळूरला शिकतो, त्याचा बोर्ड सुट्टीत माझ्याकडं आला होता आणि त्याचं एक चाक अडकत होतं. शेजारच्या गॅरेजातला पोरगा पाना मागायला आला. त्यानं न विचारता बोर्ड उलटा केला, चाक हातानं फिरवलं, कानाजवळ नेऊन आवाज ऐकला आणि म्हणाला, “सहाशे आठचं बेअरिंग आहे की हे!” बरोबर होतं. जगभरच्या स्केटबोर्डांत ६०८ नंबरचंच बेअरिंग असतं. आतला व्यास आठ मिलिमीटर, बाहेरचा बावीस, जाडी सात. विजेच्या छोट्या मोटारींत हेच असतं, उद्यमबागेतल्या कुठल्याही दुकानात मागितलं तर पुडीत बांधून देतात. त्यानं शील्ड, म्हणजे बेअरिंगवरची झाकणी, काढली, पेट्रोलमध्ये बेअरिंग धुतलं, तेलाचे दोन थेंब सोडले. चाक फिरायला लागलं ते थांबेचना. मग तो फळीवर उभा राहिला आणि लगेच पडला. पडल्यावर त्यानं आधी कोपर बघितलं नाही, कोण हसतंय ते बघितलं. कुणी हसलं नव्हतं. पुढचा अर्धा तास तो पडत होता आणि उठत होता. पाना न्यायचं विसरूनच गेला. वर्षभर समोरासमोर काम करून या पोराशी माझं जितकं बोलणं झालं नव्हतं, तितकं त्या संध्याकाळी झालं. वडील घरी नसतात हे मला तेव्हा कळलं. कुठं असतात हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

अशा पोराला आपण नेहमी शिकवायला जातो. इथं पहिल्याच मिनिटाला त्याला माझ्या भाच्यापेक्षा जास्त येत होतं.

बाहेर हे काम झालेलं आहे, त्यातली दोन उदाहरणं उपयोगाची आहेत. ऑलिव्हर पर्कोविच नावाचा एक ऑस्ट्रेलियन माणूस २००७ साली तीन स्केटबोर्ड घेऊन काबूलला गेला. रस्त्यावरची पोरं भोवती जमली, त्यातून स्केटिस्तान ही संस्था उभी राहिली आणि २००९ मध्ये तिथं स्केटबोर्डचा बंदिस्त हॉल आणि त्याला जोडून शिकायचे वर्ग सुरू झाले. पुढं कंबोडिया आणि दक्षिण आफ्रिकेतही. यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट योगायोगानं घडली. मुलींनी सायकल चालवणं तिथं गैर मानलं जायचं, पण स्केटबोर्ड कुणी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळं तो मुलींनी चालवू नये असा नियमच झालेला नव्हता. मुली आल्या. आपल्याकडं तालमीत मुली नसतात. टेनिस बॉल क्रिकेटच्या टीममध्ये कोण आणि बाऊंड्रीबाहेर बॉल आणायला कोण, हे गल्लीत न बोलता ठरलेलं असतं. या फळीवर अजून कुणाची मालकी लागलेली नाही. लागण्याआधी मुलींना उभं करा.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं खेडं आहे. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली तिथं सिमेंटचा स्केटपार्क बांधला. गावातली आदिवासी आणि यादव घरांतली मुलं त्या सिमेंटवर एकत्र आली. तिथले दोन नियम प्रसिद्ध आहेत : शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि आधी मुलींना संधी. दुसरा नियम जसाच्या तसा उचला. पहिल्या तासाला बोर्ड फक्त मुलींच्या हातात, मुलं नंतर. पहिला नियम मात्र इथं लावू नका. त्या खेड्यात प्रश्न पोरांना शाळेकडं वळवायचा होता. आपल्याकडं ज्यांच्यासाठी हा खटाटोप करायचा त्यांची शाळा केव्हाच सुटलेली आहे. दारातच हजेरीपट विचारला तर ती आल्या पावली परत जातील आणि जी राहतील त्यांना आपली गरज नाही.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तोक्यो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं. ४ ऑगस्ट २०२१ ला मुलींची पार्क प्रकाराची फायनल होती. जपानची मिसुगु ओकामोटो पंधरा वर्षांची, तिच्यावर सगळ्यांच्या आशा. शेवटच्या फेरीत ती पडली आणि चौथी आली. रडत बाहेर आली तेव्हा तिच्याविरुद्ध खेळणाऱ्या मुलींनी तिला खांद्यावर उचलून घेतलं. आपल्याकडं आखाड्यात खांद्यावर घेतात ते जिंकलेल्या पैलवानाला, आणि ते योग्यच आहे, कुस्ती आहे ती. पण आयुष्यात आधीच पाच ठिकाणी चीतपट झालेल्या पोराला सहाव्या आखाड्यात उतरवण्यात काय अर्थ? म्हणून माझी सगळ्यात कडक अट ही, की स्पर्धा ठेवू नका. मला माहीत आहे, मंडळ म्हटलं की चषक आला, भव्य आलं, रोख बक्षीस आलं, प्रकाशझोत आला. ते हाफपिचला ठेवा. इथं नंबर काढला की दुसऱ्याच रविवारी क्लासवाली मुलं बक्षिसं नेतील आणि गॅरेजवाला पोरगा बघ्यांत उभा राहील.

तुम्हालाच का लिहितोय, महापालिकेला का नाही, असंही कुणी विचारेल. महापालिका फार तर पार्क बांधेल, उद्घाटन करेल आणि कुलूप लावेल. पार्कची मागणी जरूर करू, पण नंतर. या पोरांना एका भव्य दिवसाचा उपयोग नाही. पुढच्या रविवारी तीच दोन मोठी माणसं तिथं दिसतात का, त्याच्या पुढच्या रविवारी दिसतात का, एवढंच ती बघत असतात. आणि एखादा पोरगा दोन रविवार दिसला नाही तर त्याच्या घरापर्यंत जाऊ शकणारं या शहरात कोण आहे? वर्गणीची पावती फाडायला प्रत्येक उंबऱ्यावर जाणारे तुम्ही. कुठल्या घरात बाप पितो, कुठल्या घरात फक्त आजी आहे, कुठं भाडं थकलंय, हे वर्गणी गोळा करताना कळतं. या माहितीचा उपयोग आपण आजवर कोण किती देईल याच्या अंदाजापलीकडं केलेला नाही. “काय रे, आला नाहीस?” एवढं विचारायला गेलात तरी पुरे. उपदेश करायला जाऊ नका.

खर्चाचं बोलू. बरा बोर्ड चार-पाच हजारांत येतो. हजार रुपयांत ऑनलाइन मिळणारे प्लास्टिकचे घेऊ नका, त्यावर वळता येत नाही आणि पोरं कंटाळतात. मेपलच्या सात थरांची फळी आणि थोडी मऊ, मोठी चाकं बघून घ्या, आपल्या रस्त्यांना तीच बरी. हेल्मेट स्केटबोर्डचंच हवं, मोटारसायकलचं जड पडतं. मनगटाचे गार्ड विसरू नका, कारण नवशिका पडताना हात टेकतो आणि मोडतं ते मनगट. हे सगळं डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यात बसतं. डॉल्बी बंद करा असं मी म्हणत नाही, ते म्हणून बघितलेलं आहे. एक बेस कमी लावा.

जागा सपाट सिमेंटची हवी, घोटलेली. पेव्हर ब्लॉकवर चाक दर फटीला अडखळतं आणि दात वाजतात. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत २०१६ साली बेळगाव आलं तेव्हापासून आपण बसवलेल्या पेव्हरचं काय करायचं हा वेगळा विषय आहे. गल्लीतले काँक्रीटचे रस्ते मात्र झकास. मांडवासाठी रस्ता अडवायची परवानगी कशी काढायची ते तुम्हाला शिकवायला नको. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीच्या मैदानात सिमेंट ओतायची सूचना कुणी तरी करेल, ती तिथंच मोडून काढा, झाडं आहेत तशी राहू देत.

पहिले दोन महिने रॅम्पची गरज नाही. नुसतं उभं राहणं, ढकलणं, वळणं यातच पोरं रमतात. मग एक छोटा क्वार्टर पाइप, म्हणजे पाव गोलाईचा रॅम्प, करू. अठरा मिलिमीटर प्लायच्या दोन बाजू गोलाईत कापायच्या, मध्ये आडवे वासे, वरून वाकणारा पातळ प्लाय दोन थरांत. उंची तीन फुटांच्या वर नको. शिवजयंतीच्या चित्ररथाला ट्रॉलीवर अख्खा प्रतापगड उभा करणाऱ्या आपल्या सुतार-वेल्डरांना हे दोन संध्याकाळचं काम आहे. उलट, पोरांनाच त्यांच्या हाताखाली घ्या. स्वतः ठोकलेल्या रॅम्पवरून पडताना पोरगं तक्रार करत नाही.

एक ताकीद. २१ जूनला जगभर स्केटबोर्डिंग दिवस साजरा होतो म्हणून आपणही त्याच दिवशी धडाक्यात सुरुवात करू, असं कुणाच्या तरी डोक्यात येणारच. योगदिनही तेव्हाच असल्यानं पाहुणेही स्वस्तात मिळतील. पण जूनअखेर बेळगावात आभाळ फाटलेलं असतं. बोर्ड भिजला की प्लाय फुगतो, बेअरिंग गंजतं. आपला मोसम दिवाळी ते शिमगा. पावसाळ्यात बंद पडू द्यायचं नसेल तर मंगल कार्यालयवाल्यांशी बोला. चातुर्मासात लग्नं नसतात, हॉल ओस पडलेले असतात. पॉलिशच्या फरशीवर चाक सटकतं, म्हणून एखादं रिकामं गोदाम मिळालं तर त्याहून बरं.

आता फ्लेक्स. कार्यक्रमाचा फ्लेक्स लावा, तुमचे फोटो लावा, माझी हरकत नाही. पोरांचे लावू नका. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे निराधार, छळ झालेल्या किंवा गुन्ह्यात अडकलेल्या मुलाची ओळख जाहीर करणं हा गुन्हा आहे. कायद्याचं सोडा, “वाया गेलेल्या मुलांसाठी मंडळाचा स्तुत्य उपक्रम” अशा ओळीखाली स्वतःचा फोटो बघितलेला पोरगा पुन्हा कधी येईल? रील करायची तर पायांची करा. शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन यांतलं काही नको. फ्लेक्सवर व्यसनमुक्तीचा उल्लेखही नको. दर रविवारी किमान दोन जबाबदार माणसं हजर हवीत, त्यातली एक बाई. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाला एकट्यानं गाडीवरून सोडायला जाणार नाही, हा नियम पहिल्याच दिवशी लेखी करून मंडळाच्या वहीत लावा. यात कुणाचा अपमान नाही.

फळीवर उभं राहून नशा सुटते किंवा मनावरचं मळभ जातं, असा दावा मी करत नाही. रविवारची ही जागा म्हणजे फक्त दार. आत कुणीतरी जाणतं माणूस हवं. कर्नाटक राज्याच्या युवक सबलीकरण व क्रीडा खात्याचा, निम्हान्स या बेंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या साथीनं चालणारा युवा स्पंदन उपक्रम तरुणांच्या समुपदेशनासाठीच आहे. तिथल्या माणसाला बोलवा, पण भाषणाला नव्हे, कट्ट्यावर चहा घेऊन बसायला. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन नंबर बोर्डांच्या खालच्या बाजूला रंगवून टाका. दम खायला बसलं की बोर्ड उलटा मांडीवर घ्यायची सगळ्यांनाच सवय लागते.

भाषेचा प्रश्न बैठकीत निघेल, म्हणून सांगतो. सीमाप्रश्नावर माझं मत तुम्हाला माहीत आहे आणि ते बदललेलं नाही. पण पत्रक मराठी, कन्नड आणि उर्दू तिन्हींत काढा. मागावर आपल्या माणसाशेजारी बसणाऱ्या कन्नड घरातला पोरगाही तितकाच मोकळा हिंडतोय, आणि खडे बाजारातल्या दुकानात हाताखाली असलेला मुसलमान पोरगाही. ती पोरं आपल्या गल्लीत आली तर आपलं काही कमी होत नाही.

“डोकं फुटलं तर जबाबदार कोण?” हा शेवटचा प्रश्न. जबाबदार मंडळ. म्हणूनच हेल्मेट नाही तर बोर्ड नाही, घरच्यांची सही आधी, प्रथमोपचाराची पेटी आणि एक गाडी तयार. दहीहंडीला पोरं थरावर चढवताना आपण यातलं किती करतो, ते प्रत्येकानं आपल्या मनाशी बघावं.

तीन-चार मंडळांनी मिळून सुरुवात केली तर बोर्ड आळीपाळीनं फिरवता येतील. रॅम्पचा आराखडा मापांसकट कागदावर काढून ठेवलाय, बेअरिंग लागतील तेवढी माझ्याकडून. प्लाय, वासे आणि जागा तुमची. मांडवाचे जुने प्लाय मंडळाच्या खोलीत धूळ खात पडले असतील तर तेही चालतील, फक्त खिळे उपटून ठेवा.

आपला,
एक माजी खजिनदार,
वडगाव, बेळगाव